मालकीचा देखावा: ऑल्बनी संग्रहातील व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र

स्थानिक इतिहासाच्या संग्रहात चित्र दाखल होते ते बहुधा पुरावा म्हणून. पूर्वज कसे दिसत, घर कसे होते, हे त्याने सांगावे अशी अपेक्षा असते. न्यूयॉर्क राज्यातील ‘ऑल्बनी इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टरी अँड आर्ट’ या संस्थेची परंपरा १७९१ पर्यंत मागे जाते. तेथील चित्रे मात्र या अपेक्षेचीच चिकित्सा करावयास लावतात.

आरियान्त्ये कुइमन्स हिचे पूर्णाकृती चित्र १७२० च्या आसपासचे आहे. ती डच वसाहतकारांच्या घराण्यातील, जमीनजुमल्याची वारसदार. चित्र नेहेमाया पार्ट्रिज याचे मानले जाते. परंतु या चित्रकाराचे नाव दीर्घकाळ अज्ञात होते. चित्रविषयाचे नाव टिकले, चित्रकाराचे हरवले. यातच या कलाव्यवहारातील अधिकारांची उतरंड सूचित होते. अशा व्यक्तिचित्रांतील उभे राहण्याची ढब, वस्त्रे आणि पार्श्वभूमी इंग्रजी मुद्राचित्रांवरून घेण्याची तेथे रूढी होती. चेहरा हडसनकाठचा, वैभव उसने. तथ्याच्या कसोटीवर असे चित्र उणे ठरते. आकांक्षेचा दस्तऐवज म्हणून मात्र ते विश्वसनीय आहे.

टॉमस कोल याच्या दोन चित्रांत हे नाते उलटे होते. विल्यम व्हॅन रेन्सेलर याच्या मागणीवरून त्याने १८४० मध्ये घराण्याच्या हवेलीची बाग आणि १८४१ मध्ये ती हवेली रंगवली. स्थळ खरे आहे. कोणत्याही मुद्राचित्रावरून उचललेले नाही. तरीही ही निखळ निसर्गचित्रे म्हणता येत नाहीत. पूर्वी देखावा व्यक्तीच्या मागे उभा असे. येथे देखाव्यानेच व्यक्तीची जागा घेतली आहे. ही मालकाची, मालकाविना काढलेली व्यक्तिचित्रेच होत.

या प्रशांत चौकटीबाहेर काय घडत होते? १८३९ मध्ये जहागीरदार स्टीव्हन व्हॅन रेन्सेलर मरण पावला. वारसांनी थकलेल्या खंडाची मागणी करताच हेल्डरबर्गच्या डोंगराळ भागातील कुळांनी तो देण्यास नकार दिला. या संघर्षाची परिणती म्हणून १८४६ च्या राज्यघटनेने शेतजमिनीचे खंडाचे नवे करार बारा वर्षांपुरते मर्यादित केले. कोलच्या बागेत या कोलाहलाचा मागमूस नाही. ज्यांच्या खंडावर ती बाग उभी होती, त्यांना तेथे स्थान मिळणे शक्यच नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती हवेली तेथून हलवली गेली. वास्तू गेल्यावर चित्र हाच तिचा पुरावा उरला आणि चित्रामागील हितसंबंध स्मृतीच्या कोमलतेत विरघळले. संग्रहाचे सामर्थ्य येथे आहे, आणि धोकाही येथेच. जे राखले गेले ते राखणे कोणाला परवडत होते, हा प्रश्न गाळून केलेले वाचन इतिहासाचे वाचन ठरत नाही. ती वारसदारांच्या दाव्याला दिलेली मूक संमती ठरते.