‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ : पडद्यावरील प्लेग आणि टोकियोचा खटला

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) यांच्या जीवनावरील व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी ३ मे रोजी जपानच्या लष्करी व राजकीय नेत्यांवरील युद्धगुन्ह्यांचा आंतरराष्ट्रीय खटला टोकियोत सुरू झाला. या दोन घटनांचा एकत्रित विचार सहसा होत नाही.

चित्रपट वास्तवापासून फारकत घेतो, हा त्यावरील नेहमीचा आक्षेप रास्तच आहे. काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकातील या डॉक्टरांचा मृत्यू ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने झाला. पडद्यावरील कोटणीस मात्र प्लेगच्या साथीशी झुंजतात आणि स्वतःही त्या रोगाच्या तावडीत सापडतात. नाट्यमयतेचा हव्यास म्हणून ही साथ निकालात काढणे सोपे आहे. परंतु ते घाईचे ठरेल. जपानी विमानांनी १९४० मध्ये निंगबो व १९४१ मध्ये चांगदे येथे प्लेगबाधित पिसवा टाकल्या होत्या. हार्बिनजवळील ‘युनिट ७३१’ या केंद्रात जिवंत कैद्यांवर प्रयोग केले जात. चरित्राच्या दृष्टीने असत्य असलेला हा प्रसंग चीनच्या इतिहासाच्या दृष्टीने असत्य नाही. चित्रपटकर्त्यांना याची जाणीव होती, असा दावा अर्थातच करता येत नाही.

पडद्यावर आलेला हा प्लेग न्यायालयात मात्र आला नाही. ऑगस्ट १९४६ मध्ये अशा प्रयोगांचा विषय ओझरता निघाला आणि तेथेच सोडून देण्यात आला. केंद्राचा प्रमुख इशिई शिरो याला अमेरिकेने प्रयोगांच्या माहितीच्या मोबदल्यात अभय दिले. टोकियोतील २८ आरोपींत तो नव्हता. त्यांपैकी सात जणांना डिसेंबर १९४८ मध्ये फाशी झाली. सोव्हिएत रशियाने डिसेंबर १९४९ मध्ये खाबारोव्स्क येथे बारा जणांवर जैविक युद्धाबद्दल खटला चालविला, तो पाश्चात्त्यांनी प्रचार ठरविला. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने जैविक युद्ध झाल्याचे मान्य केले ते थेट २००२ मध्ये, आणि तेही पीडितांना भरपाई नाकारून.

अकरा न्यायाधीशांपैकी भारताचे न्या. राधाबिनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरविले. आपल्याकडील गौरवपर लेखन येथेच थांबते. जपानी सैन्याने अत्याचार केले हे पाल यांनीही स्वीकारले होते. त्यांचा आक्षेप जेत्यांच्या न्यायाधिकारावर होता. त्या आक्षेपाला इशिईच्या अभयाइतका भक्कम पुरावा दुसरा मिळाला नसता. आणि नेमका तोच त्यांच्यापुढे आला नाही.