परित्यक्त विंधनविहिरी : एका निदेशावलीचे परीक्षण

तेलविहीर बंद पडली की ती बुजविण्याचे दायित्व परवानाधारकावर येते. तो नाहीसा झाला तर प्रश्न बिकट होतो, म्हणून कॅनडातील आल्बर्टा प्रांतात अशा 'अनाथ' विहिरींसाठी तेल-उद्योगाकडूनच निधी घेतला जातो. लातूर-नांदेडकडील कोरड्या विंधनविहिरीची अडचण निराळी आहे. तिला धनी आहे. परंतु आपण ती टाकून दिली, हे त्याला मान्य नसते.

सर्वोच्च न्यायालयाचे २०१० चे निदेश तपशिलात काटेकोर आहेत : खोदाईपूर्वी १५ दिवस सूचना, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, तोंडावर पोलादी झाकण, आणि परित्यक्त विहीर तळापासून माती-दगडांनी भरणे. बालकांचे प्राण वाचविणे हा हेतू असल्याने दृष्टी विहिरीच्या तोंडाशी खिळावी, हे स्वाभाविकच होय. परंतु विहीर 'परित्यक्त' केव्हा ठरते? बेसाल्टात पाणी भेगांतून येते, आणि आटलेली विहीर चांगल्या पावसानंतर पुन्हा चालू लागते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातुरास पाणी आणावे लागले. त्याच वर्षी पावसाळ्याअखेर मांजरा धरण भरले. मग एप्रिलात आपली विहीर बुजविण्यास कोणता शेतकरी राजी होईल? उलट, अपयशी विहिरीचे केसिंग उपसून तो पुढील विहिरीस वापरतो (यात नवल ते काय!), आणि ओटा व झाकण यांना आधारच उरत नाही.

चालू आणि परित्यक्त यांच्या दरम्यान 'सुप्त' असा तिसरा वर्ग मानून त्यास केसिंग न काढण्याची अट व ठराविक मुदत घालणे, आणि झाकणाचा खर्च खोदाईच्या वेळीच यंत्रधारकाकडून वसूल करणे, एवढी दुरुस्ती तरी आवश्यक वाटते.