देवधरांच्या नावापुढचं शून्य

प्रा. दि. ब. देवधरांची कारकीर्द शोधा. कसोटी सामन्यांच्या रकान्यात ० दिसेल. बरेच जण ते शून्य गुणवत्तेचं समजून पुढे जातात. माझा आक्षेप इथेच आहे.

साधा हिशोब करू. देवधरांचा जन्म १८९२चा. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचं आणि क्रिकेट हौसेनं खेळायचं. १९२६ साली गिलिगनचा एमसीसी संघ आला, तेव्हा मुंबईत अखिल भारतीय संघाकडून त्यांनी १४८ धावा काढल्या. भारताची पहिली कसोटी मात्र १९३२ची! तेव्हा ते चाळिशीचे होते. म्हणजे ऐन भराच्या काळात मोजायला पट्टीच नव्हती. आणि खेळ संपला होता म्हणावं, तर १९४०-४१च्या हंगामात मुंबईविरुद्ध २४६, आणि १९४४मध्ये, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं.

आमच्या सुप्याच्या एमआयडीसीत टेस्टिंग करणाऱ्या कुणालाही विचारा: ‘रीडिंग शून्य आलं’ आणि ‘रीडिंग घेतलंच नाही’ या दोन वेगळ्या नोंदी असतात. चरित्र लिहिताना आपण त्या एक करून टाकतो.

पण उलट टोकही तितकंच चूक. ‘कसोटी मिळाली असती तर सरासरी पन्नाशीची असती’ असं लिहिणं म्हणजे रिकाम्या रकान्यात मनानं आकडा भरणं. रिकामं ते रिकामं ठेवा, फक्त का रिकामं ते लिहा.

तुमच्या डेटातही अशी शून्यं असतील. प्रत्येकापुढे एवढंच विचारा: मोजणी कधी सुरू झाली?