गाणं कुणी केलं?

आमच्या कलापथकाची कॅसेट निघाली तेव्हा तिच्या वेष्टनावर गायकाचं नाव आलं, कवीचं आलं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं : साथसंगत व कोरस. त्या एवढ्याशा जागेत आम्ही सातजण होतो. मी हलगीवाला. हा लेख मी तिथून लिहितो आहे.

नाव छापलं न्हाई म्हणून कुरकुर करायची नव्हं. प्रश्न समीक्षेचा आहे. जलसा, शाहिरी, भीमगीत यांच्यावर जे लिहिलं जातं ते बहुतेक कागदावरच्या ओळींवर. ओळ उचलायची, तिच्यात प्रतिमा आहे का बघायचं, नसली की 'प्रचारकी' म्हणून शिक्का मारायचा. चाल सिनेमातली असली की 'उसनवारी'. पण गाणं झालं कसं, हे बघायला यांच्यातला कुणी आमच्या तालमीला येऊन बसला का?

पलूसच्या वस्तीत आमचं एक गाणं कसं झालं ते सांगतो. दिवसभर कुणी उसाच्या फडात, कुणी द्राक्षबागेत, कुणी किर्लोस्करवाडीच्या बाजूला पाळीवर. रात्री जेवणं उरकून समाजमंदिरात जमायचं. कवी चार ओळी घेऊन आला. विषय वतनाचा. त्यात 'पराधीन' असा शब्द होता. कोरसातली आक्का म्हणाली, "आरं, ह्यो शब्द माझ्या सासूला कळंल का? ती म्हणायची, दारोदार भाकरी मागितली. त्येच घाल की." घातलं. मग ओळ लांबली. मी म्हटलं, "दादा, हितं हलगी अडकतीया, एक शब्द काढा." काढला. पुढं एका गावात ते गाणं म्हणताना मागं बसलेला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि नुसता उभाच राहिला. बोलला काय न्हाई. गायकानं ते कडवं तीनदा घेतलं आणि तिसऱ्या वेळी ध्रुपदातला 'त्यांनी' जाऊन तिथं 'आम्ही' आलं. ते कायमचं राहिलं. कॅसेटवर तेच आहे.

आता सांगा, गाणं कुणी केलं?

भीमराव कर्डकांचं 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक १९७८ साली निघालं. ते आम्हाला जवळचं वाटतं, कारण लिहिणारा माणूस स्वतः जलशात उभा राहिलेला. तमाशाचा साचा जलशानं घेतला, पण आतला माल बदलला. देवाच्या गणाची आणि गवळणीची जागा माणसाच्या प्रश्नांनी घेतली. शिक्षण, अस्पृश्यता, गावकीची कामं. हा बदल एकट्या कवीच्या टेबलावर होत नसतो. सवयीनं गवळण मागणाऱ्या प्रेक्षकापुढं ती न घेता रात्र काढायची, ही सगळ्या संचाची छाती लागते.

आमच्याच जिल्ह्यातले वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) घ्या. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. 'माझी मैना' ही छक्कड अण्णाभाऊंनी लिहिली, पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती लोकांच्या कानात बसली अमर शेखांच्या पहाडी आवाजानं. पुस्तकातली छक्कड आणि मैदानातली छक्कड एकच आहेत का? माझ्या मते न्हाईत. पहिली वाचायची गोष्ट आहे, दुसरी घडायची.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गाण्याच्या शेवटी 'वामन' असं आपलं नाव ओवत. जुन्या शाहिरांची ही रीत. मला तिच्यात एक शहाणपण दिसतं. कागद फाटंल, कॅसेटवाला नाव गाळंल, पण गाणं म्हणणाऱ्याला नाव घेतल्याबिगर गाणं पुरं करता येत न्हाई. ज्याच्याजवळ सात-बारा नव्हता त्यानं आपला हक्क असा कडव्यात नोंदवून ठेवला. पण हलगीला शेवटचं कडवं नसतं. कोरसाला मुद्रा नसते.

हलगीवरनंच आमच्यात मोठं भांडण झालं. रेकॉर्डिंगच्या आधी एक आबा म्हणाले, "हलगी नगं. सांगावा द्यायला, मेल्याच्या म्होरं, पाटलाच्या वरातीत हीच वाजवायला लावली. ती टाकली तवा मानूस झालो. आता पुन्यांदा गळ्यात घालताय व्हय?" आबांचं चूक नव्हतं. १९५६ च्या धर्मांतरानंतर किती वस्त्यांनी गावकीची कामं टाकली, वाजवणं टाकलं. १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं, त्याआधी आणि नंतर कितीजणांनी त्यापायी बहिष्कार सोसला.

आणि दुसरीकडं कुंडलच्या कुस्ती मैदानात हलगी-घुमकं कडाडल्याबिगर पैलवानाच्या अंगात वारं शिरत न्हाई. सगळ्यांना हलगी पाहिजे. हलगीवाला मात्र मैदानाच्या कडंला.

दोन रात्री वाद चालला. शेवटी मी आबांना एवढंच म्हटलं, "आबा, तवा हुकूम पाटलाचा हुता. आता हुकूम ह्या गाण्याचा हाय." आबा लगेच हो म्हणाले न्हाईत. पण तिसऱ्या रात्री कान ताणायला हलगी जाळावर धरली, तेव्हा जाळात काटक्या आबांनीच घातल्या.

म्हणून माझं मागणं आहे की आमच्या गाण्याची समीक्षा करताना तीन गोष्टी विचारा. शब्द कुणाच्या तोंडून आला? वाद्य कुणाच्या हुकमानं वाजलं? आणि ऐकणाऱ्यानं गाण्यात काय बदललं?

याच कसोटीवर आम्हीसुद्धा सुटत न्हाई. सिनेमाची चाल घेतो ती ऐकणाऱ्याला आधीच पाठ असते म्हणून. दुसऱ्या कडव्याला सगळं मैदान ध्रुपद धरतं. हे बळ आहे. पण आमच्याच कॅसेटवर ६ डिसेंबरचं एक गाणं नाचऱ्या चालीवर बसवलं. ऐकताना पाय हलतात आणि मान खाली जात न्हाई. ते गाणं फसलं. तालमीत आक्का बोलली होती, आम्ही ऐकलं न्हाई. तिथं सातजणांचं गाणं एकट्याचं झालं.

कागदावरची कविता वाचायला डोळे पुरतात. आमचं गाणं वाचायचं तर तालमीला या, कोरसात बसा. जागा आहे. तिथं नावं छापत न्हाईत, पण शब्द तिथंच बदलतात.