चाकांवरचें घर आणि शाळेची पायरी

गेल्या फाल्गुनांत चार दिवसांच्या सुटीवर मी तामलवाडीस गेलों असतां माझा एक जुना विद्यार्थी तेथें अवचित येऊन उतरला. 'उतरला' हा शब्द त्याच्या बाबतींत कितपत बरोबर आहे याची मला शंका आहे. कारण तो आपलें घर बरोबर घेऊनच आला होता. मोटारीच्या पोटांत निजण्याचा ओटा, शेगडी, पाण्याची टाकी व एक घडीचें टेबल अशी सर्व सोय आहे. त्या टेबलावर संगणक उघडून तो दूरच्या एका कंपनीचें काम करतो, आणि सोबतीस एक कुत्रा घेऊन दोन वर्षें अखंड हिंडत आहे. सोलापूर-तुळजापूर हमरस्त्यालगतच्या आमच्या शेतांत लिंबाच्या झाडाखालीं त्यानें गाडी उभी केली. गांवच्या लोकांनीं त्याला एकच प्रश्न विचारला, "कुत्रा चावतो का?" नाहीं म्हटल्यावर घरोघरचीं चहाचीं आमंत्रणें सुरू झालीं.

"सर, या भटकंतीवर एक पुस्तक लिहावें असें मनांत आहे," असें तो म्हणाला, आणि नमुना म्हणून त्यानें जॉन स्टाइनबेक याचें 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' माझ्या हातीं दिलें. मीं त्याला कपाटांतून लक्ष्मण माने यांचें 'उपरा' काढून दिलें. चार दिवसांनीं दोघांनींही खरें काय वाटलें तें सांगावयाचें, असा करार ठरला. प्रस्तुत लेख ही त्या करारांतील माझ्या बाजूची फेड होय.

स्टाइनबेक हा अमेरिकेचा थोर कादंबरीकार. सप्टेंबर १९६० मध्यें, वयाच्या ५८ व्या वर्षीं, आपण ज्या देशाविषयीं लिहितों तो देश आपणांस आतां ठाऊकच नाहीं, अशी रुखरुख लागून तो घराबाहेर पडला. एका मालमोटारीवर त्यानें राहण्याची खोली बांधून घेतली, डॉन क्विक्झोटच्या घोड्यावरून तिचें नांव 'रोसिनान्ते' ठेवलें, आणि फ्रान्समध्यें जन्मलेला चार्ली नांवाचा म्हातारा पूडल कुत्रा बरोबर घेतला. सुमारें दहा हजार मैलांच्या या फेरीचें पुस्तक १९६२ सालीं निघालें. त्याच वर्षीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

पुस्तकाचा पहिला गुण म्हणजे त्यांतील कुत्रा. परक्या वस्तींत मुक्काम पडला कीं लेखक चार्लीला मोकळा सोडतो, मग त्याला आणण्याच्या मिषानें आपण मागोमाग जातो, आणि क्षमा मागतां मागतां ओळख होते. कुत्रा येथें धन्याचा वकील आहे. हें सर्व इतक्या प्रसन्न विनोदानें रंगविलें आहे कीं तें वाचून कोणाही सुखवस्तु माणसास घराला कुलूप घालून निघावेंसें वाटेल. माझ्या विद्यार्थ्याला तसेंच वाटलें असावें.

या पुस्तकावर एक गंभीर आक्षेप आहे. २०१० सालीं बिल स्टायगरवाल्ड या पत्रकारानें त्याच मार्गानें प्रवास करून असें दाखविलें कीं, स्टाइनबेक बऱ्याच रात्री हॉटेलांत निजला होता, आणि प्रवासाच्या मोठ्या भागांत त्याची पत्नीही सोबत होती. पुस्तकाच्या पन्नाशीनिमित्त निघालेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंतही तें अक्षरशः खरें मानूं नये, असा इशारा द्यावा लागला. मला स्वतःला हा दोष प्राणांतिक वाटत नाहीं. गादीवर निजलेला माणूसही रस्त्याविषयीं खरें लिहूं शकतो. मला जाणवणारें उणें निराळें आहे. ज्या लोकांशीं हा प्रवासी बोलतो त्यांच्यापासून त्याला कांहींच नको असतें. त्याचें पोट त्यांच्यावर अवलंबून नाहीं, त्याचा मुक्काम त्यांच्या मर्जीवर नाहीं. म्हणून संभाषणें चुरचुरीत असूनही तीं अंगणांतच संपतात, घरांत शिरत नाहींत.

याला एक अपवाद आहे, आणि त्या अपवादानेंच पुस्तक तरलें आहे. १९६० च्या अखेरीस न्यू ऑर्लिन्स शहरांतील गोऱ्यांच्या एका शाळेंत सहा वर्षांच्या एका काळ्या मुलीला न्यायालयाच्या हुकुमानें प्रवेश मिळाला होता. सरकारी शिपायांच्या पहाऱ्यांत ती रोज शाळेंत जाई, आणि रस्त्यावर जमलेल्या गोऱ्या बायका तिला घाणेरड्या शिव्या देत. स्टाइनबेक तें पाहण्यास गेला. गाडी ठेवतांना तेथील माणसानें चार्लीकडे पाहून, मला वाटलें आंत काळा माणूसच बसला आहे, अशा अर्थाचा हलकट विनोद केला. इतके दिवस ओळख जुळवून देणारा कुत्रा येथें प्रथमच कामास आला नाहीं. लेखकानें कुत्रा व गाडी मागें ठेवली, आणि तो एकटा त्या गर्दींत जाऊन उभा राहिला. पुढचीं पानें वाचतांना विनोद कोठच्या कोठें जातो. प्रवासी मागें पडतो व साक्षीदार बोलूं लागतो.

आतां 'उपरा'. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या व १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या आत्मकथनाला प्रवासवर्णन म्हणण्याची आपली रीत नाहीं. पण हिंडणें त्यांत पानोपानीं आहे. कैकाडी कुटुंब, गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड, गांवाबाहेर पाल; फोक आणावेत, टोपल्या विणाव्यात, विकाव्यात आणि पुढच्या गांवास लागावें. फिरतां फिरतां काम करण्याची जी नवलाई आज वर्तमानपत्रांतून वर्णिली जाते, ती या कुटुंबाची पिढ्यान् पिढ्यांची दिनचर्या होती. फरक एवढाच कीं, मुक्काम कोठें व किती दिवस हें ठरविणारा दुसराच कोणी असे. येथें प्रत्येक संभाषणावर चुलीचा विस्तव अवलंबून आहे; म्हणून एकही शब्द उगाच बोललेला वाटत नाहीं. रचनेच्या दृष्टीनें पाहतां कांहीं प्रसंग एकावर एक रचल्यासारखे येतात, आणि लेखक कोठें कोठें थांबून वाचकाला श्वास घेऊं देत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ज्याला थांबूंच दिलें गेलें नाहीं, त्याच्या लेखनांत विसावा शोधणें हा टीकाकाराचाही थोडा हट्टच होय.

आणि या पुस्तकाचा कणा कोणता? बापानें मुलाला शाळेंत घालण्याचा धरलेला आग्रह, आणि त्यापायीं बाहेरच्यांशीं व स्वतःच्या जातीशींही पडलेली गांठ. दोन खंडांतलीं, दोन स्वभावांचीं हीं पुस्तकें, आणि दोन्हींत रस्ता शेवटीं शाळेच्या पायरीपाशींच खरा होतो, हें ध्यानीं आलें तेव्हां मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलों.

कारण ज्या रस्त्याकडेला मी बसलों होतों त्याच रस्त्यानें थोडें खालीं गेलें कीं सोलापूर येतें. १८७१ च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविलें, आणि १९११ सालीं तो मुंबई इलाख्यालाही लागूं करण्यांत आला. सोलापुरास त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तेथें हजेरी द्यावी लागे. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला, परंतु त्या भागाला लोक अद्याप 'सेटलमेंट'च म्हणतात. उलट २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें चाकांवरच्या घरांतून पर्यटन करणारांसाठीं स्वतंत्र धोरण आंखलें. धोरणाला माझा विरोध नाहीं. परंतु फिरतें घर एकाच्या बाबतींत संशयाचें कारण व दुसऱ्याच्या बाबतींत कौतुकाचा विषय कां होतें, हा प्रश्न जो प्रवासलेखक स्वतःस विचारणार नाहीं, त्याचें वर्णन कितीही गोड असलें तरी अपुरेंच राहील.

येथें मला स्वतःचीही कबुली दिली पाहिजे. ज्वारी निघाली कीं आमच्या शेतांत दरवर्षीं मेंढरें बसवितात. धनगरांचा वाडा येतो. घोडीवर संसार, भोंवतीं राखणीचे कुत्रे. लेंडीखताच्या मोबदल्यांत आम्ही धान्य व पैसे देतों. तीस वर्षें हा व्यवहार मी पाहत आलों, पण खताचा भाव ठरविण्यापलीकडे त्या लोकांशीं कधीं बोललों नाहीं. यंदा वाडा व मोटार एकाच शेतांत होतीं. दहाएक वर्षांचा एक मुलगा मोटारीच्या कुत्र्याकडे पाहत उभा होता. माझ्या विद्यार्थ्यानें त्याला सहज विचारलें, "कितवींत आहेस रे?" मुलगा म्हणाला, "नांव शाळंत हाय, मी हितं."

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचें शिक्षण देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आहे. नांव पटावर व मूल रानांत, या स्थितीवर त्या मुलानें पांच शब्दांत जें भाष्य केलें तें मी पदवीच्या वर्गाला तासभर बोलूनही करूं शकलों नसतों.

चौथ्या दिवशीं आम्ही पुस्तकें परत केलीं. विद्यार्थ्यानें 'उपरा'विषयीं फारसें कांहीं सांगितलें नाहीं. आपण लिहिलेलीं पहिलीं चाळीस पानें पुन्हां वाचावीं लागतील, एवढेंच तो म्हणाला. मीं त्याला सांगितलें कीं, गाडी विकूं नकोस, कुत्राही सोडूं नकोस. स्टाइनबेकची गाडी नसती तर तो त्या शहरांत पोंचलाच नसता. फक्त प्रत्येक मुक्कामावर एकदां तरी घडीचें टेबल मिटून पायीं शाळेपर्यंत जा, आणि आंत कोण नाहीं तें पाहा.

वाचकांस माझी शिफारस अशी कीं, ज्यांना इंग्रजी वाचतां येतें त्यांनीं हीं दोन्हीं पुस्तकें लागोपाठ वाचावीं, आणि 'उपरा' नंतर वाचावें. पहिल्यानें घराबाहेर पडण्याची ओढ लागेल. दुसऱ्यानें, आपल्या शेताच्या बांधावर कोण उतरलें आहे, याची चौकशी करण्याची बुद्धि होईल. मला ती होण्यास तीस वर्षें लागलीं. इतरांस इतका वेळ लागूं नये.