ओळ कुठे संपते

लिनक्सच्या लॅपटॉपला वायफाय दिसेनासं झालं की माणसं आधी ड्रायव्हरला बोल लावतात, मग कार्डाला. त्याआधी एक छोटीशी फाइल वाचावी, आणि सावकाश वाचावी. ‘वायरलेस रेगडीबी’ या पॅकेजचा मूळ मजकूर म्हणजे ‘डीबी डॉट टीएक्सटी’. कुठल्या देशात वायफायला कोणत्या लहरी मोकळ्या आहेत, याची ही वही. देशाचं दोन अक्षरी नाव आणि त्याखाली मोजक्या ओळी. अनेक नोंदींच्या डोक्यावर त्या देशाच्या सरकारी कागदाचा हवालाही दिलेला असतो. इतका काटकसरीचा आणि तरीही इतका जबाबदार मजकूर क्वचितच वाचायला मिळतो.

नाशिकच्या गंगापूर रोडवरची एखादी दाट सोसायटी घ्या. घरटी एक राउटर. १, ६ आणि ११ ही चॅनलं गजबजलेली, म्हणून ‘ऑटो’वर ठेवलेला राउटर कधीतरी तेरावर जाऊन बसतो. घरातल्या फोनना नेटवर्क दिसतं, पण अमेरिकेहून आलेल्या लॅपटॉपला दिसत नाही. शेजाऱ्यांची सगळी नावं यादीत, आपलं तेवढं गायब. टर्मिनलवर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ लिहिलं की पहिल्या काही ओळींतच खुलासा होतो: ‘कंट्री यूएस’. लॅपटॉप नाशकात बसून अमेरिकेचा कायदा पाळत असतो.

आता वहीतल्या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेची ओळ २४७२ वर संपते, भारताची २४८२ वर. अकराव्या चॅनलचा मध्य २४६२ मेगाहर्ट्झ. वीसची रुंदी धरली की त्याची वरची कड बरोबर २४७२. तेराव्याचा मध्य २४७२, कड २४८२. अमेरिकेच्या नोंदीत ‘बारा आणि तेरा बंद’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ओळ कुठे थांबते एवढंच सांगितलंय, आणि त्या एका आकड्यात दोन चॅनलं आत-बाहेर होतात. मला या लेखनातली सगळ्यात देखणी जागा हीच वाटते. भारताच्या आकड्यामागे २००५ चे नियम आहेत. त्यांनी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केलं, त्यामुळे तेरावं चॅनल दीड मेगाहर्ट्झ राखून आत बसतं. चौदाव्याचा मध्यच २४८४, म्हणून ते बाहेर. ते फक्त जपानमध्ये चालतं, तेही जुन्या ८०२.११बी पद्धतीनं.

पाच गिगाहर्ट्झचं वाचन थोडक्यात उरकतं. ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी भारतात ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मिळून ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले. देश ‘आयएन’ असूनही १०० ते १४० ही चॅनलं बंद दिसत असतील, तर लॅपटॉपवरची वही किती जुनी आहे ते आधी पाहावं.

पण या फाइलचा खरा अर्क ‘कंट्री ००’ या नोंदीत आहे. आपण कुठल्या देशात आहोत हे यंत्राला ठाऊक नसतं, तेव्हा ते ही नोंद लावतं. एक ते अकरा मोकळी. बारा आणि तेरासमोर मात्र दोन शब्द येतात: ‘नो आयआर’. आपणहून लहरी सोडायच्या नाहीत, असा त्याचा अर्थ. हे दोन शब्द ‘आयडब्ल्यू लिस्ट’च्या यादीतही दिसतात, आणि ‘डिसेबल्ड’ व ‘नो आयआर’ यांतला फरक ज्याला कळला त्याचं निम्मं निदान झालं. ‘डिसेबल्ड’ चॅनलवर कार्ड ऐकतसुद्धा नाही. ‘नो आयआर’वर ते हाक देत नाही, कान देऊन राहतं. राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन, म्हणजे आपण इथे आहोत अशी हाळी, सोडत असतो. तेराव्या चॅनलवर असा एक बीकन ऐकू आला की कर्नल त्या चॅनलवरचं बंधन उठवतं, कारण इथे कुणीतरी आधीच बोलतंय, म्हणजे इथे बोलायला मुभा असावी. रडारशी वाटून घेतलेली चॅनलं तेवढी या सवलतीतून वगळलेली. अज्ञानात गप्प राहायचं, पुरावा मिळाला की बोलायचं आणि जिथे दुसऱ्याला धोका आहे तिथे पुराव्यावरही विसंबायचं नाही, एवढा विवेक त्या दोन शब्दांभोवती उभा केलेला आहे.

वहीत कुणी परस्पर खाडाखोड करू नये म्हणून तिच्यावर डिजिटल सही असते, आणि जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीपासून कर्नल स्वतः ती तपासून घेतं. जिथे नोटा छापल्या जातात त्या नाशिकरोडच्या माणसाला, कागदाची किंमत त्याच्या खरेपणात असते, हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच ‘आयडब्ल्यू रेग सेट’ या आज्ञेपुढे जास्त ताकद मिळावी म्हणून भलत्याच देशाचं नाव घालण्याची युक्ती मला पटत नाही. नाशकात ‘आयएन’च लिहावं. ही आज्ञा रीबूटनंतर टिकत नाही. ती टिकवायची तर बूटच्या वेळी सीएफजी८०२११ या मॉड्यूलला देश सांगावा लागतो. इंटेलच्या अनेक कार्डांपुढे मात्र ‘सेल्फ मॅनेज्ड’ असं लिहून येतं. ती आजूबाजूचे बीकन ऐकून आपला देश स्वतःच ठरवतात आणि आपली आज्ञा मनावर घेत नाहीत. त्यांचा निर्णय चुकीचा असेलच असं नाही, पण तो वाचता येत नाही, आणि वहीची उघड ओळ वाचायची सवय झालेल्याला ते खटकतं. काही कार्डांत कारखान्यातच देश कोरलेला असतो. तिथे आपण सांगितलेला देश मुभा वाढवत नाही, दोन्ही देशांत चालतं तेवढंच उरतं. अशा वेळी लॅपटॉपशी झगडू नये. राउटरचं ‘ऑटो’ काढून त्याला १, ६ किंवा ११ यांतल्या एकावर आणून ठेवावं.