छप्पन्न रुपये

दिवाळीत बार्शीला गेलो की एक फेरा पुस्तकांच्या दुकानात होतोच. दुकान फार मोठं नाही. पुढे वह्या, पेनं, कंपासपेट्या, गाईडं आणि स्पर्धा परीक्षांचे ठोकळे. आत डाव्या हाताला भिंतीला लागून एक लाकडी कपाट, आणि त्यात कादंबऱ्या, आत्मचरित्रं, थोडे कवितासंग्रह. आठवीपासून मी त्या कपाटापुढे उभं राहून वाचत आलोय. दुकानवाले काका कधी काही बोलले नाहीत. फार तर कूलर सुरू करायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्या कपाटात एक आत्मचरित्र दिसलं. किंमत ३५०. काका म्हणाले, "तुला दहा टक्के कमी." म्हणजे ३१५. मी मुखपृष्ठाचा फोटो काढला आणि "आईला दाखवतो एकदा" असं खोटंच सांगून बाहेर पडलो. गाडीला किल्ली लावायच्या आधी ॲप उघडलं. तिथं तेच पुस्तक २५९ला, घरपोच. मागवून टाकलं. छप्पन्न रुपये वाचले. पुण्यात परतल्यावर हिंजवडीत एका कॉफीला मी याच्या तिप्पट पैसे देतो, आणि तेव्हा मला कुठलंही ॲप उघडून भाव बघावासा वाटत नाही.

ऑनलाइन घ्यावं की दुकानातून, या प्रश्नावर आपल्याकडे दोनच सुरात बोललं जातं. एक सूर सोयीचा: स्वस्त मिळतं, घरी येतं, परत करता येतं, मग दुकानात कशाला जायचं? दुसरा हळहळीचा: पुस्तकांचा वास, दुकानदाराशी गप्पा, गेले ते दिवस. मला दोन्ही खोटे वाटतात, कारण दोन्हीकडे ग्राहक एकटाच असतो. पुस्तक त्या कपाटात कुणी आणून ठेवलं, कुणाच्या पैशावर ते तिथं थांबलं, याची चौकशी दोघंही करत नाहीत.

इंटरनेटवरची दुकानं पुस्तकांपासूनच सुरू झाली. ॲमेझॉनने १९९५मध्ये पुस्तकं विकायला सुरुवात केली. २००७मध्ये आपल्याकडे फ्लिपकार्ट सुरू झालं तेही पुस्तकं घेऊन. २०१३मध्ये ॲमेझॉन भारतात आलं तेव्हाही सुरुवात पुस्तकं आणि सिनेमांपासूनच झाली. याची कारणं साधी आहेत. पुस्तक नासत नाही, त्याचा साईज बघावा लागत नाही, आणि एका आवृत्तीची एक प्रत दुसरीसारखीच असते. शिवाय त्यावर आयएसबीएन असतो. एखाद्या इंजिनिअरला विकायची वस्तू निवडायला सांगितली तर तो पुस्तकच निवडेल. पुढे कपडे, मोबाईल, किराणा असं सगळं आलं, आणि पुस्तक तिथल्या हजार वस्तूंपैकी एक झालं. बार्शीच्या दुकानात मात्र त्याच्याभोवती अजून एक कपाट होतं.

कॉलेजात असताना मी क्रिस अँडरसनचं 'द लाँग टेल' वाचलं आणि भारावून गेलो. २००४मध्ये 'वायर्ड'मध्ये लेख आला आणि २००६मध्ये पुस्तक. मांडणी अशी: दुकानाच्या फळीला मर्यादा असते, म्हणून तिथं खपणारा मालच राहतो. इंटरनेटच्या फळीला अंत नाही, म्हणून तिथं वर्षाला दोन प्रती खपणाऱ्या पुस्तकालाही जागा मिळते. अशा लाखो पुस्तकांची लांब शेपटी एकत्र केली तर ती डोक्याएवढी भारी भरते. अँडरसन सुरुवातीलाच उदाहरण देतो ते 'टचिंग द व्हॉइड' या गिर्यारोहणावरच्या पुस्तकाचं. जो सिम्पसनचं हे पुस्तक १९८८चं, आणि ते मागे पडलेलं. १९९७मध्ये जॉन क्राकॉरचं 'इनटू थिन एअर' गाजलं, ते घेणाऱ्यांना ॲमेझॉन सिम्पसनचं पुस्तक सुचवू लागलं, आणि जुनं पुस्तक पुन्हा जोरात खपू लागलं.

मला वाटलं, हे तर मराठीसाठीच लिहिलंय. आपलं सगळं साहित्यच शेपटी आहे! आता आपली पुस्तकं मरणार नाहीत.

नंतर मी एका खरेदीच्या ॲपच्या सर्चवर दोन वर्षं काम केलं, आणि या मांडणीतलं मराठीपुरतं पोकळ काय आहे ते आतून दिसलं. शिफारशीची जी पद्धत ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी २००३च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात मांडली, तिचा गाभा सोपा आहे. ज्या दोन वस्तू तेच ते लोक घेतात, त्या एकमेकींच्या जवळच्या. त्यात पुस्तक कुणी वाचत नाही, फक्त बिलं वाचली जातात. सिम्पसनचं पुस्तक वर आलं, कारण क्राकॉरच्या पुस्तकाची बिलं ढिगाने होती. मराठी कवितासंग्रहाची आवृत्ती पाचशे किंवा हजाराची. त्यातल्या तीस-चाळीस प्रती एखाद्या साइटवरून गेल्या, तर त्या बिलांतून यंत्राला काही शिकता येत नाही. मग ते सगळ्यांना खपणाऱ्या गोष्टी दाखवतं. मी मराठी कविता शोधली की मला श्रीमंत होण्याच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद दिसतो, तो यामुळे. यात कुणाचा कट नाही. डेटा विरळ असला की हिशोब असाच बसतो.

त्यात लिपीचा घोळ. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातला र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. सर्च लिहिणाऱ्याने मुद्दाम ते एक मानले नाहीत तर तुम्ही बरोबर नाव टाइप करूनही पुस्तक सापडत नाही. रोमन लिपीत 'कोसला' लिहायचं तर के नंतर ओ एकच, की एस पुढे आणखी एक ए, हा प्रश्न वेगळाच. मी असा एक बग नोंदवला होता. तो कायम यादीच्या तळाशी राहिला, कारण त्याच्यामुळे विक्री किती वाढेल या रकान्यात भरायला माझ्याकडे आकडा नव्हता. फळी अमर्याद आहे हे खरं, पण आपण तिच्याकडे बघतो सहा इंचाच्या काचेतून, आणि त्या काचेत एका वेळी चार पुस्तकं मावतात. काकांच्या कपाटात दोनशे मावायची.

हे झालं शोधण्याचं. किमतीचं गणित त्याहून महत्त्वाचं. काकांनी मला नंतर सांगितलं, त्या पुस्तकावर त्यांना पंचवीस टक्के सुटतात. म्हणजे वितरकाकडून ते त्यांना साधारण साडेदोनशेच्या वर, नेमकं २६२ रुपये ५० पैशांना येतं. मला ते घरपोच २५९ला मिळालं होतं. काकांनी स्वतःच मोबाईलवरून मागवलं असतं तर त्यांना साडेतीन रुपये स्वस्त पडलं असतं.

सवलत ही वाईट गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल सवलतीसाठीच प्रसिद्ध होतं. टी. एन. शानभाग यांनी १९४८मध्ये ते सुरू केलं, आणि पुस्तक परवडत नाही म्हणून वाचक परत जाऊ नये हा त्यांचा आग्रह होता. पण ते पुस्तकांवर जगणारं दुकान होतं, त्यामुळे त्यांची सवलत पुस्तकांच्याच हिशोबात बसावी लागे. ज्याला मोबाईलवर आणि मिक्सरवर कमवायचं आहे त्याला पुस्तकावर काही सुटलं नाही तरी चालतं. स्ट्रँड २०१८मध्ये बंद झालं.

दुकानाचं गणित असं असतं की दहा खपणारी पुस्तकं एका न खपणाऱ्या पुस्तकाला पोसतात. कवितासंग्रह दोन वर्षं कपाटात पडून राहतो, त्याचं भाडं चरित्रं आणि गाईडं भरतात. खपणाऱ्या पुस्तकाचा ग्राहक आधी ऑनलाइन जातो, कारण सवलत तिथंच जास्त असते. मग उरलेल्याला पोसायला कुणी नसतं. अँडरसनच्या पुस्तकात दुकान म्हणजे फक्त खपणाऱ्या मालाची जागा. बार्शीत मात्र शेपटी काकांनीच धरून ठेवली होती, स्वतःच्या भांडवलावर.

फ्रान्सने हे ओळखलं. १९८१मध्ये सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. किंमत प्रकाशक ठरवणार आणि कुणालाही पाच टक्क्यांहून जास्त सवलत देता येणार नाही. २०१४मध्ये घरपोच पाठवताना ती सवलतही बंद झाली, आणि पोचवणं फुकट ठेवायलाही मनाई आली. तेव्हा ॲमेझॉनने एक सेंट आकारायला सुरुवात केली. म्हणून ऑक्टोबर २०२३पासून ३५ युरोंच्या आतल्या ऑर्डरला किमान तीन युरो घ्यायचं बंधन आलं. म्हणजे आपण ज्याला 'ज्याची त्याची आवड' म्हणतो, तो तिथं धोरणाचा विषय आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून सगळा भार माझ्या छप्पन्न रुपयांवर येऊन पडतो, आणि तो भार मला पेलत नाही हे मी दाखवून दिलंच आहे.

तरीही हळहळणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. आपली बरीच दुकानं काउंटरची आहेत. नाव माहीत असेल तर मागा, आतून आणून देतील. नाव माहीत नसेल तर तुमचं तिथं काम नाही. अप्पा बळवंत चौकात पहिल्यांदा गेलो तेव्हा गर्दीत उभं राहून "काहीतरी चांगलं दाखवा" म्हणायची माझी छाती झाली नव्हती. आणि कपाटात काय ठेवायचं हे ठरवणारा माणूसही आपापल्या घरातून आलेला असतो. माझ्या वर्गमित्राच्या घरी आंबेडकरी साहित्याचं भरलेलं कपाट होतं. त्यातलं जवळपास एकही पुस्तक आमच्या गावातल्या दुकानातून आलेलं नव्हतं. ते सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीला गेलं की शिवाजी पार्कातल्या स्टॉलवरून यायचं, नाहीतर नागपूरहून, दीक्षाभूमीवरून. त्या घराने ऑनलाइन की दुकान हा प्रश्न कधी विचारलाच नाही. त्यांनी स्वतःचा तिसरा बाजार उभा केला, वर्षातून ठरावीक दिवशी भरणारा, आणि पिशव्या भरभरून पुस्तकं नेणारा. मराठी वाचक संपला असं म्हणणाऱ्याने एकदा तिथं जाऊन यावं.

आणि बेंगळुरूत पहिल्या नोकरीत असताना पीजीच्या खोलीत मी मराठी वाचू शकलो तो बुकगंगावरून मागवलेल्या पार्सलांमुळे. तिथं कुठला काका होता? मराठी माणूस जिथं एकटा राहतो तिथं ऑनलाइन हाच त्याचा चौक असतो. त्याला दुकानाचं प्रवचन देण्यात अर्थ नाही.

आता त्या २५९ रुपयांच्या पुस्तकाचं पुढे काय झालं ते सांगतो. ते मी चार महिने उघडलंच नाही. वाचायला घेतलं तेव्हा कळलं की पान ९७ ते ११२ हा फर्मा दोनदा आलाय आणि ११३ ते १२८ गायब आहेत. बांधणीतली चूक, कुठेही होऊ शकते. पण लेखकाने वडिलांच्या मृत्यूबद्दल लिहायला सुरुवात केली होती ती नेमकी ११२व्या पानावर. परत करायची मुदत केव्हाच संपली होती. तक्रार केली तर एका नम्र यंत्राने माझी गैरसोय झाल्याबद्दल तीनदा माफी मागितली आणि संभाषण संपवलं.

मे महिन्यात बार्शीला गेलो तेव्हा काकांच्या दुकानात गेलो. मनात होतं की तीच प्रत हळूच काढायची, सोळा पानं उभ्या उभ्या वाचायची आणि निघायचं. पुस्तक जागेवर नव्हतं. विचारलं.

"ते होय? परत पाठवलं मार्चमध्ये," काका म्हणाले. "एकच मागवलं होतं सोलापूरहून. गणपतीत तूच विचारलं होतंस ना, येईल का म्हणून."

मी विचारलं होतं. पार विसरून गेलो होतो. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हिशोब सांगावा तसं सांगत होते. मग मी सगळं खरं सांगितलं, फोटोचंसुद्धा. ते हसले आणि म्हणाले, "कळतं रे. सगळेच काढतात." तेव्हाच त्यांनी तो पंचवीस टक्क्यांचा हिशोब सांगितला. प्रत पुन्हा मागवू का, असंही विचारलं. मी हो म्हणालो. या वेळी पैसे आधीच दिले, ३५०. त्यांनी ३५ परत केले.

तेव्हापासून मी एक साधा नियम पाळतो. पुस्तक जिथं पाहिलं तिथंच घ्यायचं. ॲपवर दिसलं तर ॲपवरून, स्टॉलवर दिसलं तर स्टॉलवर, काकांच्या कपाटात दिसलं तर काकांकडून. ज्याने ते माझ्यापर्यंत आणलं त्याला त्याचे पैसे. याने दुकानं वाचणार नाहीत, हे मला कळतं. त्याला फ्रान्ससारखा कायदा लागेल, आणि तो मागायला वाचक, प्रकाशक आणि विक्रेते एकत्र यावे लागतील. पण निदान एकाच्या कपाटातून शोधायचं आणि दुसऱ्याला विकत द्यायचं हा माझ्या हातचा उद्योग थांबला.

गेल्या दिवाळीत कपाट अर्धं झालं होतं. वरच्या तीन फळ्यांवर पोलीस भरतीची पुस्तकं लागली आहेत. खालच्या दोन अजून आहेत. ११३ ते १२८ मी त्या दोन फळ्यांसमोर उभं राहूनच वाचली, स्वतःच्या प्रतीतून.